"औषधीचा रिझल्ट आला नाही": नागपूरच्या मक्यातील तण आणि तणनाशकांची पार्श्वभूमी

काटोल, सावनेर, कळमेश्वर भागातल्या कृषी केंद्रांवर जुलैत तणनाशकाबद्दल एक तक्रार हमखास येते : "औषधीचा रिझल्ट आला नाही." गल्ल्यावरचे उत्तरही ठरलेले असते, डोस वाढवा नाहीतर दुसरे घ्या. सोबत एक निदानही फुकट मिळते, तणाला आता सवय झाली. तणाला सवय होत नसते. लाखो रोपांत एखादे जन्मतःच वेगळे असते. फवारणीत बाकीची मरतात, ते उरते आणि त्याचेच बी शेतात पडते. खरी प्रतिकारक्षमता एवढीच. पण नागपूरकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यात नसते. ही गल्लत कशी झाली, हे कळायला जरा मागे जावे लागते.

या भागात ज्वारी आणि कपाशी मोठी, मका बराच काळ दुय्यम. तण काढायचे ते डवऱ्याने (बैलांनी ओढायच्या कोळप्याने) आणि ओळीतले निंदणाने. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी डवऱ्याचा पहिला फेर, मग वाफसा मिळेल तसे पुढचे. ही पद्धत अडते ती काळ्या मातीत. झड लागली की आठ-आठ दिवस डवरा शेतात जात नाही. गेलाच तर पाशीला, म्हणजे त्याच्या पात्याला, चिखल धरतो आणि तण कापले जाण्याऐवजी नुसते दाबले जाते. मक्याला नेमके पेरणीनंतरचे १५ ते ४५ दिवस तण सोसत नाही आणि नागपुरात झडीचे दिवसही तेच. त्यात बैलजोड्या कमी झाल्या, निंदणाची मजुरी वाढली. तणनाशक आले ते या फटीतून.

रसायनांची गोष्ट १९४५ च्या सुमारास बाजारात आलेल्या २,४-डी या तणनाशकापासून सुरू होते. मक्यासाठी खरा बदल घडवला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने आणलेल्या अ‍ॅट्राझिनने. ते पानातले प्रकाशसंश्लेषण अडवते. मक्याकडे मात्र ते निकामी करणारी विकरे आहेत. ग्लुटाथायोन नावाच्या रेणूशी अ‍ॅट्राझिनची गाठ बांधून मका ते पचवून टाकतो. ज्वारीलाही हे जमते. हरभऱ्याला आणि सोयाबीनला जमत नाही, ही गोष्ट पुढे महागात पडते.

पहिला धक्का मक्याच्या शेतात बसलाच नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सुमारे दहा वर्षे याच गटातली, म्हणजे तणावर तसाच घाव घालणारी, तणनाशके वापरली जात होती. तिथे सेनेसिओ नावाचे पिवळ्या फुलांचे तण मरेनासे झाले. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे कारण सापडले : अ‍ॅट्राझिन जिथे चिकटते त्या प्रथिनातील २६४ व्या जागेवर सेरीनऐवजी ग्लायसीन आले होते. किल्ली तीच, कुलूप बदललेले. नंतर अमेरिकेच्या मका पट्ट्यातील काही तणांत दुसरी तऱ्हा दिसली. त्यांनी मक्याचीच युक्ती उचलली होती, ग्लुटाथायोनने औषध पचवण्याची.

भारतातला गाजलेला दाखला गव्हातला. हरियाणात भातामागे गहू, गव्हात दरवर्षी आयसोप्रोट्युरॉन हेच तणनाशक, असे वर्षानुवर्षे चालले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हातले गुल्लीदंडा हे तण त्याला दाद देईनासे झाले. पीक तेच, औषध तेच, दुसरा उपाय नाही. नागपूरच्या मकेवाल्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा, अमेरिकेचा नंतर.

अमेरिकेचा दाखला ग्लायफोसेट या तणनाशकाचा. १९७४ मध्ये ते बाजारात आले, १९९६ मध्ये ते सोसणारे सोयाबीन आणि १९९८ मध्ये मका. मग सगळीकडे एकच फवारा. २००५ च्या सुमारास जॉर्जियात आपल्या माठाचा भाऊबंद, पामर अमॅरॅन्थ, ग्लायफोसेटला जुमानेनासा झाला. त्याच जॉर्जियात कपाशीतले डोकेदुखीचे तण ठरला तो आपला केना. त्यात प्रतिकार निर्माण झाला नव्हता. ग्लायफोसेट केन्यावर मुळातच कमजोर. इतर तणे मेली आणि केन्याला रान मोकळे मिळाले. याला तणांचा पालट म्हणतात. नागपुरात 'सवय' म्हणून जे सांगितले जाते त्यात मोठा वाटा या पालटाचा आहे. तक्रारींचे पहिले कारण हेच.

केना एकदा उपटून पाहावा. मुळाजवळ पांढुरके कोंब जमिनीत शिरलेले असतात. त्यांवर न उमलणारी फुले येतात आणि बी मातीतच तयार होते. डवऱ्याने खोडाचे तुकडे झाले आणि वर पाऊस आला की पेरापेराला मुळ्या फुटतात, म्हणजे आपणच त्याची लागवड करतो. लव्हाळ्याचे दुखणे आणखी खोल. वरचा पाला जळतो, खाली गाठींची माळ शाबूत राहते. उगवणीपूर्वीच्या अ‍ॅट्राझिनने लव्हाळा जात नाही आणि हराळीही जात नाही. गेली नाही म्हणून औषधाला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण फवारणीत असते. अ‍ॅट्राझिनची ५० टक्के भुकटी हेक्टरी १ ते २ किलो, म्हणजे एकरी ४०० ते ८०० ग्रॅम. भारी काळ्या जमिनीत वरची मात्रा लागते. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, ओलीवर, एकरी २०० लिटर पाण्यातून. १५ लिटरच्या पंपाने हे साधारण तेरा पंप होतात, पंपाला ६० ग्रॅम. प्रत्यक्षात सात-आठ पंपांत एकर उरकला जातो. भुकटी थेट टाकीत ओतली की तळाशी बसते, मग सुरुवातीच्या ओळींना दाट आणि शेवटच्यांना पाणीच. आधी बादलीत कालवून, गाळून टाकावी आणि पंप हलवत राहावे. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, कीटकनाशकाचे गोल तुषाराचे नव्हे. वरची माती कोरडी असेल तर औषध ढेकळांवर पडून राहते, तण खालून निघते.

तिसरे कारण काळ्या मातीतच आहे. तिचा सामू आठच्या आसपास असतो आणि अशा जमिनीत अ‍ॅट्राझिनचे रासायनिक विघटन सावकाश होते. खरिपातल्या मक्यामागे हरभरा घेतला की खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. उलटही घडते. एकाच शेतात वर्षानुवर्षे अ‍ॅट्राझिन पडले की ते खाणारे जिवाणू वाढतात आणि महिनाभर टिकणारे औषध लवकर संपते. तण उशिरा उगवते, लोक म्हणतात प्रतिकार आला. तण तेच असते, मातीची पचनशक्ती वाढलेली असते.

उगवलेल्या तणावर आता टेम्बोट्रिऑन (एकरी ११५ मिली, सर्फॅक्टंटसह, म्हणजे औषध पानावर पसरवणाऱ्या द्रव्यासह) आणि टोप्रामेझोन (एकरी ३० मिली) आले आहेत. फवारल्यावर तणाची पाने पांढरी पडतात. तण दोन ते चार पानांवर असतानाच ही चालतात. टाचेपर्यंतचे तण गुडघ्याला आले की पांढरे होऊन पुन्हा हिरवे होते. दोन्हींचा गट एकच, म्हणून एकाऐवजी दुसरे मारणे ही फेरपालट नव्हे. अमेरिकेत २००९ मध्येच या गटाला न जुमानणारा माठ मक्याच्या शेतांत सापडला आहे.

ग्लायफोसेट मक्यात चालत नाही. भारतात ते सोसणाऱ्या मक्याला परवानगी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या वापरावरही निर्बंध आणले. तरी चोरबीटीच्या, म्हणजे ग्लायफोसेट सोसणाऱ्या विनापरवाना, कपाशीमुळे ते विदर्भात फिरते आणि धुऱ्यापलीकडच्या मक्यावर उडते. २,४-डीची खोड याच्या उलट. मक्यात मारलेला पंप साध्या पाण्याने खंगाळून कपाशीत नेला की पाने भेंडीच्या पानांसारखी होतात. पंप वेगळाच ठेवावा.

हा विषय आता निकडीचा झाला तो इथेनॉलमुळे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर त्या हंगामापुरती मर्यादा आली आणि मक्याला मागणी वाढली. खरिपात मका, रब्बीत पुन्हा मका आणि दोन्हींत अ‍ॅट्राझिन, अशी शेते आता दिसू लागतील. हरियाणातल्या गव्हाची घडी हीच होती.

संशय आला तर आधी शेतात फिरून पाहावे. तण पट्ट्यापट्ट्याने उरले असेल तर दोष पंपाचा. सगळ्याच जातींची तणे उरली असतील तर दोष मात्रेचा, वेळेचा किंवा ओलीचा. बाकी सारे मेले आणि एकाच जातीची काही रोपे मेलेल्या भावंडांशेजारी टवटवीत उभी आहेत, पुढच्या वर्षी तोच ठिपका मोठा झाला, तर मात्र शंका खरी धरावी. त्या झाडांचे पिकलेले बी कागदी पिशवीत घ्यावे आणि झाडे उपटून शेताबाहेर न्यावीत. कधीच फवारणी न झालेल्या जागेचे त्याच तणाचे बीही घ्यावे. अ‍ॅट्राझिन न पडलेली माती कुंड्यांत भरून दोन्ही बिया पेराव्यात आणि अर्धी, पूर्ण व दुप्पट मात्रा फवारून तीन आठवडे पाहावे. पूर्ण मात्रेत न फवारलेल्या जागेचे मेले आणि शेतातले जगले, तर त्या शेतात पुढच्या हंगामात अ‍ॅट्राझिनच्या भरवशावर राहू नये, डवरा काढावा.