रेडिओ-टीव्ही दुरुस्ती (नागपूर)

नागपुरातील एक छोटा तांत्रिक व्यवसाय. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही उघडून दोष शोधणे, निकामी भाग बदलणे आणि संच चालू करून देणे हे त्याचे स्वरूप. करणाऱ्याला ‘मेकॅनिक’ म्हणतात. दुकान बहुधा आठ-दहा फुटांचे, महाल, इतवारी, सदर किंवा गोकुळपेठेतल्या एखाद्या गल्लीत. सुटे भाग आणायला बर्डी, म्हणजे सीताबर्डी, गाठावी लागे.

व्यवसायाची सुरुवात व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओपासून झाली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवर ते ५८५ किलोहर्ट्‌झला लागते. घराजवळचे केंद्र असल्याने ते अर्धवट बिघडलेल्या रेडिओवरही ऐकू येई, म्हणून दुरुस्तीची खात्री करायला गिऱ्हाईक शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन लावून मागे. रेडिओ बाळगायला तेव्हा टपाल खात्याचा परवाना लागे; ती पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपली. पाच व्हॉल्व्हच्या एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या, संचात यूसीएच ८१ पासून यूवाय ८५ पर्यंत सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकाच माळेत जोडलेले असत, त्यामुळे एक तुटला की सगळेच विझत. मग एकेक व्हॉल्व्ह उपटून मीटरवर हीटर तपासायचा. या संचांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. प्लग उलटा बसला की ती जिवंत होई, आणि शिकाऊ पोराला पहिला झटका बहुधा इथेच बसे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि काम सोपे, काहीसे कंटाळवाणेही झाले: सेल गळून गंजलेल्या पट्ट्या, खरखरणारा व्हॉल्यूम, तुटलेली डायलची दोरी.

टीव्हीने या धंद्याला बरे दिवस दाखवले. १९८० च्या दशकात दूरदर्शनचे प्रक्षेपण नागपुरात आले आणि शहरभरच्या गच्च्यांवरच्या अँटेना सेमिनरी हिल्सच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काटोल, उमरेडकडे उंच पाइप आणि बूस्टर लागे. तिकडचे बिघडलेले संच चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून शहरात येत.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या काळात गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: “भाऊ, आवाज येऊन राहिला, पण चित्र नाही.” या एका वाक्यात निम्मे निदान असते. आवाज येतो म्हणजे केंद्र पकडणारा ट्यूनर आणि वीजपुरवठा बऱ्यापैकी शाबूत आहे. मागचे झाकण काढून मेकॅनिक आधी पिक्चर ट्यूबच्या मानेत पाहतो, तिथला हीटर लाल दिसतो की नाही. लाल असेल तर पडद्याजवळ हाताचा मागचा भाग नेतो. केस ओढले गेले तर ट्यूबला लागणारा विजेचा उच्च दाब आहे. केस हलले नाहीत तर दोष हा दाब तयार करणाऱ्या लाइन विभागात: बीयू २०८ हा ट्रान्झिस्टर शॉर्ट, नाहीतर मेकॅनिक ज्याला ‘ईएचटी’ म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर जळालेला. पडद्यावर नुसती एक आडवी रेघ असेल तर ही सगळी झटापट नको, चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकल विभाग उघडायचा. चित्र चारी बाजूंनी आखडले असेल तर आधी घरातले व्होल्टेज पाहायचे. उन्हाळ्यात संच बहुधा निर्दोष निघतो.

सगळ्यांत छळणारा दोष म्हणजे ड्राय सोल्डर. गरम होणाऱ्या भागाच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. संच घरी बंद पडतो आणि दुकानात तासन्‌तास व्यवस्थित चालतो. तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बोर्डावर हळूच टकटक करत जायचे. दुसरे जुने साधन सिरीज बल्ब. शंभर वॉटचा बल्ब संचाच्या वाटेत जोडून बटन दाबायचे; तो लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, एकदा चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. पावसाळ्यात, उच्च दाबाची तार ट्यूबला जिथे लागते त्या टोपीपाशी चरचर होते आणि ओझोनचा वास येतो. काळ्या-पांढऱ्या संचात तिथे बारा-पंधरा हजार व्होल्ट असतात, रंगीतमध्ये पंचवीस हजारांपर्यंत. संच बंद केल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. म्हणून ती आधी चासीला जोडून रिकामी करतात, आणि चालू संचात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवतात.

या शोधाचे पैसे कोणी देत नाही. दुपारभर खपून सापडलेला रेझिस्टर काही पैशांचा असतो आणि गिऱ्हाईक तो हातात घेऊन विचारते, “एवढ्याशाचे इतके?” त्यामुळे बिलात ‘आयसी बदलला’ असे लिहायची रीत पडली. हा लबाडीचाच प्रकार, पण तो मेकॅनिकला गिऱ्हाइकांनी शिकवला.

मार्च संपला की दुकानाचे रूप बदलते. पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकणाऱ्या शहरात टीव्ही आठवडाभर थांबू शकतो, कूलर नाही. पंपाचा जाम झालेला पंखा, जळालेल्या मोटरचे वाइंडिंग, वाळ्याच्या नव्या ताट्या, जोडीला स्टॅबिलायझर. या तीन महिन्यांवर अनेक दुकाने उरलेले वर्ष काढतात, तरी पाटीवर कूलरला जागा मिळते ती कोपऱ्यात.

आयटीआयमध्ये ‘रेडिओ व टीव्ही मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असे, आणि श्रद्धानंद पेठेत शासकीय आयटीआय आहेच. तरी खरे शिक्षण एखाद्या भाऊंच्या हाताखाली होई. पहिले काही महिने ब्रशने धूळ झाडणे, चहा आणणे आणि काढलेले स्क्रू एकाच डबीत न मिसळणे.

३१ मार्च २०१३ या मुदतीनुसार नागपुरात केबलचे डिजिटलीकरण झाले, आणि ‘चित्र नाही’ म्हणताच आधी सेट-टॉप बॉक्सकडे बघायची सवय लागली. सपाट संचांतही ‘आवाज आहे, चित्र नाही’ ही तक्रार टिकून आहे. आता कारण बहुधा बॅकलाइटची एलईडी पट्टी. अंधारात पडद्यावर टॉर्च मारला की अंधूक चित्र दिसते आणि निदान पक्के होते. पॅनेलच फुटले असेल तर खर्च नव्या संचाच्या घरात जातो, म्हणून मेकॅनिक संच न उघडताच परत देतो.

नेलेच न गेलेले जुने संच मात्र दुकानात साठत जातात. ‘तीन महिन्यांत न नेल्यास जबाबदारी नाही’ अशी पाटी लावूनही ते टाकवत नाहीत, कारण मालक कधीतरी उगवतोच. अखेर जागा लागते तेव्हा स्पीकर काढून घेतात, ट्यूबच्या मानेवरच्या योकमधले, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांमधले, तांबे किलोवर विकले जाते, बोर्ड आणि डबा कबाडी नेतो. शिसे असलेली ट्यूबची जाड काच त्यालाही नको असते. ती दुकानामागे भिंतीला टेकून उभी राहते.