स्कायलाइट इन

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पिट काउंटीत एडन या गावी असलेली जोन्स घराण्याची खानावळ. निखाऱ्यांवर रात्रभर भाजलेल्या अख्ख्या डुकराच्या बार्बेक्यूसाठी ती ख्यातनाम आहे. वॉल्टर बी. ऊर्फ पीट जोन्स यांनी ती १९४७ मध्ये, ऐन तरुणपणी सुरू केली.

घराण्यातील परंपरेनुसार मात्र हा व्यवसाय १८३० च्या सुमारास सुरू झाला. स्किल्टन डेनिस नावाचे पूर्वज डुकरे भाजून त्यांचे मांस आच्छादित गाडीतून विकत, असे सांगितले जाते. या कथेचा आधार मुख्यत्वे कौटुंबिक आठवणींचा आहे. शिवाय एडनला नगराचा दर्जा १८९१ मध्ये मिळाला. त्यामुळे १८३० मधील घटना ‘एडनची’ म्हणणे हे मागाहून जोडलेले स्थलनाम ठरते. गावातील ‘बम्स’ ही दुसरी जुनी खानावळही डेनिस कुळाशीच नाते सांगते. म्हणजे कुळात हा धंदा पूर्वापार असणे संभवनीय आहे. पण १८३० पासून एकच दुकान अखंड चालू होते, असे यातून सिद्ध होत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत स्थापनावर्ष १९४७ हेच धरले आहे. वंशावळीच्या या चर्चेत एक मोठी गोष्ट झाकली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर खड्डे खणून, रात्र जागवून प्राणी भाजण्याचे काम बव्हंशी गुलामगिरीतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी केले. या पाककलेचा इतिहास त्यांना वगळून लिहिणे अन्यायाचे होईल.

‘बार्बेक्यू’ हा शब्द स्पॅनिश ‘बार्बाकोआ’वरून आला आणि तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील असावा, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. फ्रेंचमधील ‘दाढीपासून शेपटीपर्यंत’ या अर्थाच्या शब्दांशी जोडलेली व्युत्पत्ती कोशकारांनी त्याज्य ठरवली आहे.

येथील पद्धत राज्याच्या पूर्व भागातली. पश्चिमेकडील लेक्सिंग्टन पद्धतीत केवळ खांदा भाजतात आणि सॉसमध्ये टोमॅटो घालतात. येथे अख्खे डुकर लागते व टोमॅटो वर्ज्य. ओकची लाकडे वेगळ्या चुलाणात जाळतात आणि धगधगते निखारे फावड्याने भट्टीत, मांसाखाली पसरतात. सकाळी ओंडक्यावर दोन हातांत दोन सत्तूर घेऊन मांस बारीक करतात. व्हिनेगर, मीठ, मिरी व तिखट सॉस तिथेच मिसळला जातो. भाजून फुललेली कातडीही त्यातच चिरतात; मऊ मांसात मधूनच लागणारा तो कुरकुरीतपणा हीच या घराण्याची खूण. सोबत कोबीचे कोलस्लॉ आणि मक्याच्या पिठाचा चपटा, घट्ट पाव असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील अनेक खानावळी गॅसकडे वळल्या. जोन्स घराण्याने लाकूड सोडले नाही, आणि त्यांचे मोठेपण यातच आहे.

नॅशनल जिऑग्राफिकच्या एका प्रकाशनाने, बहुधा १९७९ मध्ये, या ठिकाणाला बार्बेक्यूची राजधानी म्हटले. त्यानंतर पीट यांनी वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखा घुमट छपरावर उभारला. २००३ मध्ये खाद्यक्षेत्रातील पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान दिला. पीट २००६ मध्ये निवर्तले. त्यांचे नातू सॅम जोन्स यांनी २०१५ मध्ये जवळच्या विंटरव्हिल येथे स्वतःच्या नावाने वेगळी खानावळ काढली. तेथेही अख्खे डुकर लाकडावरच भाजले जाते.