वाया जाणाऱ्या आम्लाची किंमत

‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द नवा असला, तरी कारखान्यातल्या टाकाऊ मालातून कोंड्याचा मांडा करण्याची खटपट जुनीच आहे. सोड्याच्या धंद्यात ती पर्यावरणप्रेमापोटी सुरू झाली नाही. तिथे कोर्टकचेऱ्या, कायदा आणि स्पर्धेची भीती या तिघांनी मिळून ती करायला लावली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काच, साबण आणि कापड या धंद्यांना धुण्याचा सोडा लागे. तो फ्रान्सच्या निकोला लब्लांकने शोधलेल्या पद्धतीने बनायचा. मिठावर गंधकाम्ल ओतायचे, त्यातून मिळालेले सोडियम सल्फेट चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचे आणि उरलेल्या काळ्या राखेतून सोडा पाण्याने काढून घ्यायचा. रासायनिक समीकरण मांडले की पद्धतीचा उधळेपणा दिसतो. एक टन सोड्यामागे सुमारे 690 किलो हायड्रोजन क्लोराइड वायू (पाण्यात विरघळला की आम्ल होणारा) सुटतो आणि जवळपास तेवढेच कॅल्शियम सल्फाइड उरते. मिठातला क्लोरीन गेला धुराड्यातून, पैसे मोजून आणलेले गंधक गेले उकिरड्यावर. तिथून सडक्या अंड्यांसारखा वास येई.

कारखान्यांभोवतीची झाडे वाळली, पिके करपली, जमीनमालक कोर्टात गेले. मालकांनी धुराडी उंच केली. आम्ल तेवढेच, फक्त आणखी लांबच्या शेतात पडू लागले. 1836 मध्ये विल्यम गॉसेजने एका बंद पडलेल्या पवनचक्कीत काटक्या भरल्या आणि वरून पाणी सोडले. खालून चढणारा वायू ओल्या काटक्यांवरच्या पाण्यात विरघळला. युक्ती साधी आणि झकास होती, पण ते आम्लाचे पाणी सरळ नदी-नाल्यांत जायचे! अखेर 1863 मध्ये ब्रिटनने अल्कली कायदा केला आणि या वायूपैकी 95 टक्के अडवणे सक्तीचे झाले.

आता हाताशी भरपूर आम्ल होते. दुसरीकडे सूतगिरण्यांना आणि कागद गिरण्यांना विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर हवी होती. तिला क्लोरीन लागतो. इंग्लंडमधल्या विडनेसच्या हेन्री डीकनने हायड्रोजन क्लोराइड वायू हवेबरोबर तापवून तांब्याच्या क्षारावरून नेला. हवेतल्या ऑक्सिजनने हायड्रोजन ओढून घेतला, पाणी बनले, क्लोरीन मोकळा झाला. ही अभिक्रिया आजही कामाला येते. गाद्यांच्या फोमचा कच्चा माल बनवताना क्लोरीन वापरावा लागतो, पण तो मालात राहत नाही, हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो. जपानच्या सुमितोमो कंपनीने रुथेनियम ऑक्साइड हा उत्प्रेरक वापरून त्यातून क्लोरीन परत मिळवला.

उकिरड्यावरचे गंधकही पुढे वसूल झाले. त्यासाठी वापरलेली क्लाउसची भट्टी सुधारित रूपात आज तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढते.

एवढे होईपर्यंत बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्वेची सोडा बनवण्याची पद्धत बाजारात आली होती. ती मीठ आणि चुनखडीपासून सोडा बनवते. अमोनिया फक्त मध्यस्थ असतो, काम झाले की तो परत मिळवून पुन्हा वापरतात. सॉल्वेचा सोडा स्वस्त पडे. तरी लब्लांकचे कारखाने काही दशके तग धरून राहिले, ते विरंजक चूर्णाच्या जोरावर. एके काळी धुराड्यातून सोडून दिलेला वायू मूळ मालाला पोसत होता. पुढे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन मिळू लागला आणि तो आधारही गेला.

सॉल्वेचे वर्तुळ मात्र पुरते बंद झालेले नाही. मिठातला क्लोरीन इथे कॅल्शियम क्लोराइड होऊन बाहेर पडतो, एक टन सोड्यामागे एक टनाहून थोडा जास्तच. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला तो थोडाफार खपतो, बाकीचा पाण्यात सोडला जातो. अमेरिकेतल्या सिराक्यूसजवळचे ओनोंडागा सरोवर अशा सांडपाण्याने खारट झाले होते. चीनच्या होउ दबांग यांनी निराळी वाट काढली: कॅल्शियम क्लोराइडऐवजी अमोनियम क्लोराइड बनवायचे आणि ते भाताला खत म्हणून विकायचे. त्यात टाकाऊ जवळपास काही उरत नाही. पण मग अमोनिया कारखान्यात फिरत राहत नाही, खताबरोबर शेतात जातो, आणि तेवढा नवा अमोनिया कोळसा किंवा नैसर्गिक वायू खर्चून बनवावा लागतो.