बेटावर आधी खाट, मग विमान

लातूरकरांची सहल शुक्रवारी रात्री ठरते आणि शनिवारी पहाटे गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागते. राहायचं कुठं? बघू तिथं गेल्यावर. त्यामुळं सिडनीच्या लेकीनं दिवाळीसाठी लॉर्ड हाऊ बेटाचं काढलं, तेव्हा पहिली चौकशी तिकिटाऐवजी खाटेची का करायची, ते कळेना. बेटावर एका वेळी ४०० पर्यटकांनाच मुक्काम करता येतो. आमच्याकडं साध्या लग्नातही पहिल्या दोन पंगतींत एवढी माणसं उठतात. तिथं मात्र गावची वस्तीच जेमतेम तेवढी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, ११ किलोमीटर लांबीचं हे बेट. १७८८ मध्ये इंग्रजांच्या 'सप्लाय' जहाजाला ते दिसलं, तेव्हा तिथं माणूस नव्हता. १८३४ पासून वस्ती झाली, ती देवमासे मारणाऱ्या जहाजांना भाजीपाला आणि मटण विकून जगली. तो धंदा बसल्यावर केंटिया पामच्या बियांनी तारलं. कमी उजेडातही तगणारं हे झाड युरोपातल्या दिवाणखान्यांत कुंडीत जाऊन बसलं.

मग आलं १९१८. 'मकाम्बो' ही आगबोट इथं खडकावर आदळली आणि तिच्यातले उंदीर किनाऱ्याला लागले. जगात दुसरीकडं कुठंही नसलेले पाच जातींचे पक्षी त्यांनी काही वर्षांतच संपवले. उंदीर खातील म्हणून बाहेरून घुबडं आणली, तीही पाहुणी होऊन राहिली. उंदरांचा बंदोबस्त व्हायला थेट २०१९ उजाडलं. बेटभर विषारी आमिष टाकायचं, पण न उडणारी वुडहेन त्यात मरू नये म्हणून आधी शेकडो पक्षी धरून कोंडून ठेवायचे, असा तो खटाटोप होता. सोयाबीनच्या बांधावर बिळं बुजवलेल्या माणसाला यातली दमछाक सांगायला नको.

पाहुण्यांची वाटही अरुंदच होती. १९४७ ते १९७४ सिडनीहून पाण्यावर उतरणारी विमानं यायची, तीही भरती पाहून. १९७४ ला धावपट्टी झाली, पण आखूड. मोठं विमान आजही उतरत नाही. १९८२ मध्ये बेट जागतिक वारसा यादीत गेलं, आपल्या अजिंठा-वेरूळच्या वर्षभर आधी. निसर्गाला झेपेल एवढेच पाहुणे, हा तिथला हिशेब. म्हणून खोली कित्येक महिने आधी धरावी लागते.

जंगलवाटांच्या तोंडाशी तिथं बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. बाहेरचं बी, बुरशी आत जाऊ नये म्हणून. लेकीनं व्हिडिओ कॉलवर माझ्या बुटांचे तळवे दाखवायला लावले. खाचांत रानातली काळी माती. जुन्या टूथब्रशनं दोनदा कोरली, तरी बादलीतलं पाणी काळंच येत होतं.