मानकातली प्रत्येक मोकळी जागा रिकामी नसते

ईमेल पोचवताना एक सर्व्हर दुसऱ्याला आधी स्वतःची ओळख सांगतो. ती कशी सांगायची याचा एक जुना नियम ऑगस्ट १९८२च्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात आहे : हेलो <एसपी> <डोमेन> <सीआरएलएफ>. आधी हेलो, मग एक स्पेस, मग आपलं नाव आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. मूळ ओळ अर्थातच रोमन लिपीत आहे. ती तशीच उचलून वेबपानाच्या फाइलीत चिकटवली, तर पडद्यावर फक्त ‘हेलो’ उरतं. कोनी कंसात रोमन अक्षर दिसलं की ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची सूचना, समजतो आणि टॅग अनोळखी असेल तर काहीच दाखवत नाही. कुठे एरर येत नाही, पानही नीटनेटकं दिसतं. वाचणाऱ्याला काही गळाल्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून ही चूक मला सगळ्यात घातक वाटते.

इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, त्यांतले बरेचसे आरएफसी नावाच्या या दस्तऐवजमालेत आहेत. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९मध्ये लिहिला. पुढे अनेक दशकं या दस्तऐवजांचं रूप ठरलेलं होतं : ओळीत जास्तीत जास्त ७२ अक्षरं, पानावर ५८ ओळी, फक्त आस्की संचातली चिन्हं, म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी विरामचिन्हं. ठळक अक्षरं नाहीत, अधोरेखन नाही. कुठल्याही टर्मिनलवर आणि प्रिंटरवर मजकूर सारखाच उमटावा, हा त्यामागचा हेतू. तो निर्णय दूरदृष्टीचाच होता, १९८१ची फाइल आजही विनासायास उघडते.

मात्र या साधेपणात बराचसा अर्थ अक्षरांच्या जागेवर सोपवलेला आहे. आरएफसी ७९१मधली आयपी हेडरची, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला असणाऱ्या माहितीची, आकृती पाहा. एका ओळीत ३२ बिट, प्रत्येक बिटाला दोन अक्षरांची रुंदी आणि शेवटी बंद करणारं एक चिन्ह, अशी ६५ अक्षरांची चौकट. सगळी +, - आणि | यांनी रेखलेली. कुठलं क्षेत्र किती बिटांचं, हे उभ्या रेघा कुठे पडतात त्यावरून कळतं. ब्राउझर मात्र लागोपाठच्या स्पेस एकत्र करून एकच दाखवतो, आणि नेहमीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. चौकट विस्कटते. मजकूर आहे तसाच दाखवणारा ‘प्री’ टॅग लावला की ती शाबूत राहते, पण मोबाइलवर पान आडवं सरकवत वाचावं लागतं. अंध अभियंत्याचं काय? स्क्रीन रीडर ती आकृती ‘प्लस, मायनस, प्लस, मायनस’ अशी वाचत सुटू शकतो.

आकड्यांची गोष्ट आणखी नाजूक. आरएफसी ७९३मध्ये टीसीपी या माहिती पोचवण्याच्या नियमावलीतल्या अनुक्रमांकांचा पल्ला ० ते 2**32 - 1 असा दिला आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात पुन्हा 2**32 येतं. दोन तारे म्हणजे इथे घातांक. मार्कडाउन या साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीत तेच दोन तारे ठळक अक्षरांची खूण असतात. हा उतारा मार्कडाउनमधून नेला, तर ताऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींशी जुळतात, मधला मजकूर ठळक होतो आणि तारे नाहीसे होतात. ४,२९,४९,६७,२९६च्या जागी वाचकाला २३२ दिसतात.

पानं तुटतात तिथे वेगळीच पंचाईत. परिच्छेदाच्या मधोमध पानाच्या तळाची ओळ, पृष्ठक्रमांक आणि पुढच्या पानाचा मथळा येतो. ते काढून टाकता येतात, पण उरलेली रिकामी ओळ नवा परिच्छेद सांगते की फक्त कागद संपल्याचं, हे प्रोग्रॅमला अंदाजानेच ठरवावं लागतं. ‘सेक्शन ४.२ पाहा’ यावर लिंक लावतानाही तेच. तो सेक्शन याच दस्तऐवजातला की दुसऱ्या? ‘सेक्शन’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘४.२’ पुढच्या ओळीवर असेल, तर लिंक राहूनच जाण्याची शक्यता.

कॅपिटल अक्षरांनाही इथे कायद्याचं वजन आहे. २०१७च्या आरएफसी ८१७४नुसार ‘मस्ट’, ‘शूड’ वगैरे शब्दांचा बंधनकारक अर्थ ते कॅपिटलमध्ये असतील तरच लागू होतो. पानाच्या सजावटीसाठी कुणी सगळी अक्षरं एका साच्यात घातली, की सक्ती आणि साधं विधान यांतला फरक पुसला गेला.

२०१९पासून आरएफसीचं मूळ रूप एक्सएमएल, म्हणजे प्रत्येक भाग कसला आहे हे खुणांनी सांगणारी फाइल, झालं. परिच्छेद कुठे संपतो, आकृती कोणती, सक्तीचा शब्द कोणता, हे आता लेखकच नोंदवतो. साध्या मजकुरातले पृष्ठक्रमांक गेले आणि प्रत्येक परिच्छेदाला स्वतःचा पत्ता मिळाला. आस्कीची सक्तीही सैल झाली, आणि मराठी वाचक म्हणून मला हा बदल विशेष मोलाचा वाटतो. जगातल्या लिप्या संगणकात कशा साठवायच्या हे सांगणारा यूटीएफ-८चा दस्तऐवज, आरएफसी ३६२९, २००३चा. त्यानुसार देवनागरीचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं. पण खुद्द त्या दस्तऐवजाला कोरियन आणि जपानी उदाहरणं त्यांच्या लिपीत छापता आली नाहीत, सांकेतिक क्रमांकच द्यावे लागले. आज लेखकाचं नाव, सोबत रोमन रूप देऊन, देवनागरीत छापता येतं.

एकदा प्रसिद्ध झालेला आरएफसी मात्र बदलत नाही. त्यामुळे आधीचे साडेआठ हजारांच्या आसपास दस्तऐवज साध्या मजकुरातच आहेत आणि त्यांची वेबपानं अंदाज बांधणारे प्रोग्रॅमच तयार करतात. अशा पानावर एखादा आकडा विचित्र वाटला किंवा आज्ञा अर्धवट दिसली, तर आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या ‘आरएफसी एडिटर’च्या संकेतस्थळावरची साध्या मजकुराची फाइल उघडून ती ओळ ताडून पाहावी.