रुग्णालयातला धोका आधी ओळखण्याचं शास्त्र कसं घडलं

१८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यातल्या एका तक्त्यावरून वाद पेटला. लंडनच्या २४ रुग्णालयांचा वार्षिक मृत्यूदर त्यात ९० टक्क्यांहून जास्त दाखवला होता. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागलं होतं. एका खाटेवर वर्षात कितीतरी रुग्ण येऊन जातात, त्यामुळे आकडा फुगणारच होता. पण विरोधकांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण येतात, लहान गावात तेवढे येत नाहीत. मग दोन्हींचे मृत्यूदर शेजारी ठेवून काय कळणार? दाखल होताना माणूस मुळात किती आजारी होता, हे आधी मोजायला हवं.

ते मोजायला बराच काळ लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ऍपगार यांनी नवजात बाळासाठी एक सुटसुटीत पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण द्यायचे आणि जन्मानंतर एका मिनिटाने बेरीज करायची. त्यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या शुद्धीसाठी अशीच मोजपट्टी दिली. दरम्यान अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांवर चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातून आणखी एक हत्यार हाती आलं होतं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशी अनेक कारणं एकाच समीकरणात बसवून धोका किती, हे सांगता येऊ लागलं. ते लोक आपापल्या घरी राहणारे होते, पण समीकरण रुग्णालयातही चालणार होतं. १९७७ मध्ये ली गोल्डमन यांनी १,००१ शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून हृदयाला होऊ शकणाऱ्या धोक्याचा निर्देशांक काढला.

अतिदक्षता विभागात खरी कलाटणी मिळाली ती १९८० च्या दशकात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे विल्यम नाउस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये आजार किती गंभीर आहे हे ठरवणारी, ३४ मोजमापांची ‘अपाची’ पद्धत काढली. ३४ गोष्टी भरता भरता नाकी नऊ येत, म्हणून १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या १२ वर आणल्या. दाखल झाल्यापासूनच्या पहिल्या २४ तासांत प्रत्येक मोजमाप सर्वांत जास्त बिघडलं तेव्हा किती होतं, तेच धरायचं. नाडी ७० ते १०९ असेल तर शून्य गुण, १८० किंवा त्याहून जास्त झाली, नाहीतर ३९ किंवा त्याहून कमी झाली तर चार. त्यात वयाचे आणि जुनाट आजारांचे गुण मिळवायचे. बेरीज ० ते ७१ मध्ये कुठेतरी येते. १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ रुग्णांवर ती ताडून पाहिली होती. आता एखाद्या विभागात किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हे सांगता येऊ लागलं. फार यांच्या तक्त्यात नेमकं हेच नव्हतं. त्याची गरज किती होती, हे १९८६ मध्ये पुन्हा दिसलं. त्या वर्षी अमेरिकी सरकारने रुग्णालयांचे मृत्यूदर जाहीर केले, तेव्हा सर्वांत वाईट ठरलेल्या संस्थेत अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचीच शुश्रूषा होत होती.

भाकीत जमू लागल्यावर त्याचा रुग्णाला उपयोग किती, हा प्रश्न आला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सपोर्ट’ अभ्यास. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांतले ९,१०५ गंभीर आजारी रुग्ण त्यात होते. पहिल्या टप्प्यात असं दिसलं, की हृदय बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न नको, अशी रुग्णाची इच्छा निम्म्याहून अधिक डॉक्टरांना ठाऊकच नव्हती. दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांना जगण्याच्या शक्यतेचे आकडे दिले, खास प्रशिक्षित परिचारिका रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलल्या. तरी काहीही बदललं नाही. आकडे बरोबर होते, पण डॉक्टरांचे निर्णय पूर्वीसारखेच होत राहिले.

आकडे चुकीची गोष्ट शिकू शकतात, हेही त्याच दशकात कळलं. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला घरी पाठवणं सुरक्षित आहे, हे संगणकाला शिकवण्याचा प्रयत्न चालू होता. त्याने जुन्या नोंदींतून एक नियम काढला: दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी. कोणत्याही डॉक्टरला हे ऐकून धक्का बसेल. नोंदी मात्र खोट्या नव्हत्या. न्यूमोनिया झालेल्या दमेकऱ्याला डॉक्टर ताबडतोब अतिदक्षता विभागात नेत आणि त्या तातडीच्या उपचारांमुळे तो वाचे. संगणकाला फक्त निकाल दिसला, त्यामागची धावपळ दिसली नाही. त्याच्या सांगण्यावरून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर ते दगावले असते. त्या प्रयत्नात आजमावलेल्या पद्धतींपैकी सर्वांत अचूक ठरलेली न्यूरल नेटवर्कची, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेली संगणकी पद्धत त्यामुळेच प्रत्यक्षात वापरली गेली नाही. आत असे आणखी किती नियम दडलेत, हे तिच्यात डोकावून पाहता येत नव्हतं. पूर्वीच्या रुग्णांवर बेतलेल्या प्रत्येक मॉडेलमध्ये त्या काळचे उपचारही मुरलेले असतात. उपचार सुधारले की जुनं समीकरण धोका वाढवून सांगू लागतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

हा धडा विसरण्याची घाई कोविडच्या काळात झाली. भाकिताच्या मॉडेलांचा सतत आढावा घेणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अखेरीस ६०६ मॉडेलं तपासली, त्यांतली फारच थोडी विश्वासार्ह निघाली. बहुतेकांनी नोंदी कमी घेतल्या होत्या किंवा दुसऱ्या रुग्णालयात पडताळणीच केली नव्हती. ब्रिटनमधल्या ‘फोर-सी’ गटाने मात्र ३५,४६३ रुग्णांवर मृत्यूचा धोका सांगणारा आपला गुणांक बसवला आणि आणखी २२,३६१ रुग्णांवर पारखून घेतला. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाने सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा, इशारा देणारं, शेकडो रुग्णालयांत आधीच चालू असलेलं एक मॉडेल तपासलं. दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांबद्दल त्याने इशारे दिले, तरीही सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण त्याच्या नजरेतून सुटले. उगाच वाजणाऱ्या गजरांनी परिचारिकांचे कान बधिर होतात, हे त्या वॉर्डांत काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

याच्या उलट उदाहरण २०२० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. तिथल्या १९ रुग्णालयांत पुढच्या १२ तासांत प्रकृती ढासळण्याची शक्यता संगणक दर तासाला मोजत होता. इशारा थेट वॉर्डात वाजत नसे. तो दूर बसलेल्या अनुभवी परिचारिकांकडे जाई. त्या रुग्णाची नोंद वाचत, तथ्य वाटलं तर त्या रुग्णालयातल्या तातडीच्या पथकाला फोन करत आणि पुढे काय करायचं, हे त्या पथकासाठी आधीच ठरलेलं असे. ही व्यवस्था लागू झाल्यावर इशाऱ्याच्या पातळीला पोहोचलेल्या रुग्णांतला ३० दिवसांतला मृत्यूदर, ती लागू होण्याआधीच्या तशाच रुग्णांपेक्षा कमी निघाला.