अंगावरची उचल: भूमिका-खेळांतल्या पूर्वकथेची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात रविवारी दुपारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी गोष्ट, सुरू करताना डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारी) म्हणून मी प्रत्येकाकडून पात्राची बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा, लिहून मागते. या खेपेला एकाने अडीच पानं दिली: बुडालेलं राजघराणं, हरवलेली तलवार, सूड. बीडकडची एक मुलगी पहिल्यांदाच खेळायला बसली होती. तिने कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती मांडायच्या कागदाच्या, मागे पेन्सिलीने लिहिलं, 'आईबापाचा कोयता होता. बाप वारला. मुकादमाची उचल अंगावर आहे.' आणि विचारलं, "ताई, एवढंच लिहिलं तर चालंल का?"

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे कोयता म्हणतात, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. तेवढ्यावरून मला कळलं की हे पात्र कुठून आलं, कोणाला टाळतं आणि हाती पैसा आला की आधी कुठे जाईल.

पण पात्राचं मागचं असं लिहून आणायची पद्धत या खेळाइतकी जुनी नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा पात्र म्हणजे मुख्यतः ताकद, बुद्धी अशा गुणांचे सहा आकडे होते. तीन फासे टाकायचे, बेरीज मांडायची, योद्धा की जादूगार असा वर्ग निवडायचा, मोजक्या सोन्यात दोर-मशाली घ्यायच्या आणि तळघरात उतरायचं. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराचा जीव एका फाशावर पडेल तेवढा, आणि शत्रूचा वारही एका फाशाचा, म्हणजे एका वारातही मरण. असल्या पात्राचं बालपण कोण लिहीत बसणार? जे तगले त्यांची कहाणी खेळता खेळता जमत गेली. माझं ठाम मत आहे की पूर्वकथेची लांबी पात्राच्या आयुष्याशी बांधलेली आहे. नियम जसजसे जीव वाचवू लागले, तसतशी पानं वाढली.

नवल असं की या खेळाच्या मुळाशी मात्र आकड्यांआधी माणसं होती. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला आणि त्यात ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव वसवलं. एरवी अशा खेळात ज्याच्या त्याच्या ताब्यात पलटणी असत. वेस्लींनी काही जणांना पलटणींऐवजी गावातली माणसं दिली: महापौर, बँकवाला, विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा डाव वेगळा. खेळाडू लढाई बाजूला ठेवून एकमेकांशी बोलू लागले, गुपचूप कट करू लागले. वेस्लींना वाटलं, खेळ फसला. खेळाडूंना मात्र पुन्हा तसाच हवा होता. आर्नेसन याच मंडळींतले. म्हणजे 'मी कोण आणि मला काय हवंय' हा प्रश्न आधीच टेबलावर आला होता. छापील नियमांत त्याला जागा मिळायला वेळ लागला.

ती जागा खऱ्या अर्थाने १९७७ साली मार्क मिलर यांच्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या भूमिका-खेळाने दिली. इथे पूर्वकथा हाच एक खेळ होता. पात्र १८ वर्षांचं. नौदल, लष्कर की व्यापारी जहाज, तिथे भरती होते का, हे फाशावर. मग ४-४ वर्षांच्या मुदती, आणि दर मुदतीला आधी 'जगला का' याचा फासा. तो उलटा पडला तर पात्र तयार होता होताच मरायचं आणि नवा कागद घ्यावा लागायचा. जास्त मुदती काढल्या तर कौशल्यं वाढत, पण ३४ व्या वर्षापासून वय अंगावर येई. नोकरी सोडताना कोणाला रोख रक्कम मिळे, तर एखाद्या व्यापाऱ्याला जहाज, आणि जहाजासोबत त्याचे हप्ते. कर्जाची मुदत ४८० महिने, म्हणजे ४० वर्षं! हप्ता चुकू नये म्हणून खेळाडू नको तो माल भरायचे, नको त्या बंदरात उतरायचे. पेन्सिलीने लिहिलेली ती उचल वाचताना मला हेच हप्ते आठवले. कर्ज पूर्वकथेत फार कामाला येतं, कारण ते मागे राहत नाही. दर हंगामाला दारात उभं राहतं.

पुढची वाट झपाट्याने रुळली. १९८१ च्या चॅम्पियन्स आणि १९८६ च्या गर्प्स या खेळांत वैरी किंवा सांभाळायचं माणूस गळ्यात घेतलं की पात्र घडवायला जास्तीचे गुण मिळत. १९८८ च्या सायबरपंकमध्ये घरच्यांवर काय ओढवलं, मित्र कोण, प्रेमाचं काय झालं, हे तक्त्यांवर फासे टाकून ठरे. १९९१ च्या व्हँपायर: द मास्करेडमध्ये पात्र माणूस असतानाचे प्रसंगच आधी खेळून घेत. २०१४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीने पात्राचा स्वभाव, आदर्श, बंध (ते कोणाशी, कशाशी बांधलेलं आहे) आणि दोष यांसाठी शीटवर चौकटी दिल्या. त्याच आवृत्तीत जीव शून्यावर आला तरी पात्र लगेच मरत नाही. तीनदा फासा चुकावा लागतो. या दोन गोष्टी एकाच पुस्तकात याव्यात, हे मला तरी स्वाभाविक वाटतं. २०२४ च्या सुधारित पुस्तकात आदर्श-बंध-दोषांचे तक्ते गेले. आमच्या टेबलावर बंधाची ओळ मी ठेवली आहे.

ती कशी भरायची हे मी पैठणकडून शिकले. एकनाथांच्या भारुडात देवीला नवस बोलणारी एक सून आहे. ती स्वतःची ओळख करून देत नाही. सासरा, सासू, जाऊ, नणंद, एकेकाबद्दल मागणं मागत जाते आणि अख्खं घर समोर उभं राहतं. म्हणून नव्या खेळाडूला मी सांगते, कूळ नंतर लिही, काय मागायचंय ते आधी लिही. आमच्यातल्या एकाचा पुजारी जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावचा आहे. देव नव्या गावठाणात आणला, पण शपथ घेतली होती ती जुन्या उंबऱ्यावर. त्याला फक्त ती मोडायची परवानगी हवी आहे. अजून मिळालेली नाही.

तिसऱ्या रविवारी मी मुकादमाला आणलं. घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर, काखेत वही. त्याने रक्कम सांगितली. तलवारवाल्याने वार करायला वीस बाजूंचा फासा उचललाही होता. बीडकडच्या त्या मुलीने त्याचा हात धरला आणि मुकादमाला म्हणाली, "आधी वही दाखवा. बापाचा अंगठा कुठंय?"